मदत हवी आहे: जुन्या मासिकांचे स्कॅन सगळ्यांना खुले कसे करावेत?

गिरगावातल्या आमच्या वाचनालयात १९०० ते १९७० दरम्यानची मराठी मासिकं आहेत. दमट हवेने कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कोपरा बोटाशी तुटून येतो. म्हणून टिफ (मोठ्या आकाराच्या, उत्तम दर्जाच्या चित्र-फायली) स्कॅन करून मूळ अंक कपाटात ठेवले. आता कार्यकारिणी स्कॅनही बाहेर देईना. परवा डोंबिवलीहून एक आजी वडिलांची कविता शोधत आल्या. त्यांना फोटोही काढू दिला नाही. फार वाईट वाटलं.

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो, टोपणनावाच्या लेखनाला प्रकाशनापासून ६०. पण मृत्यूचं सालच सापडत नसेल तर काय करता? टिफ जपून हलक्या पीडीएफ खुल्या केलेलं कोणी आहे का? कार्यकारिणीला कसं पटवलंत?