कपाळावरच्या आठ्यांसाठी बोटॉक्स, वय ७२. घ्यावं का?

गणिताच्या बाई

नमस्कार. वय ७२, ३२ वर्षं गणित शिकवून निवृत्त. प्रश्न जरा लाजतच विचारतेय, कारण घरात विचारला तर उत्तराऐवजी हसू मिळेल.

माझ्या भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेघा आहेत. खोल आणि समांतर, माझ्या विषयाला शोभतील अशा. त्यांच्या वर कपाळभर चार आडव्या आठ्या. वर्गात या रेघांचा उपयोग झाला, नुसतं वळून पाहिलं तरी शेवटचा बाक गप्प व्हायचा. आता मात्र मी खिडकीशी निवांत बसलेले असले तरी येणारा-जाणारा विचारतो, "काय झालं? रागावलात का?" नातीने माझं चित्र काढलं तेव्हा आधी त्या दोन रेघा काढल्या, मग त्यांच्याभोवती चेहरा. कपाळाला आठी न घालता काम करणाऱ्यांचं आपल्याकडे कौतुक होतं. मी आठी घालत नाही हो, ती तिथे मुक्कामालाच आहे.

तरुण दिसायची हौस नाही. रागीट दिसायचा कंटाळा आलाय.

आता दिलेली माहिती: हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रोज. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. डोळे कोरडे पडतात, दिवसातून चार वेळा थेंब घालते. रक्तदाब गोळीवर ठीक. ओळखीतल्या एका बाईंनी हे बोटॉक्सचं इंजेक्शन घेतलं, त्यांचं वय ४५, छान दिसतात. त्यांच्या आणि माझ्या वयात २७ वर्षांचं अंतर आहे. त्या २७ वर्षांनी उत्तर बदलतं का, एवढंच मला कळायला हवंय. "घेऊ नका" म्हणायचं असेल तर पायऱ्यांसकट म्हणा. नुसत्या उत्तराला गुण नाहीत, रीतीला आहेत.

स्पष्टवक्ता

बाई, राग मानू नका, पण या वयात हा म्हातारचळ वाटतो. सुरकुत्या म्हणजे अनुभव. विष कशाला टोचून घ्यायचं?

गणिताच्या बाई

मोतीबिंदूही वयाने आला होता. तो काढला तेव्हा "अनुभव आहे, राहू द्या" असं कुणी म्हणालं नाही. रीत दिसली नाही. पुढचा.

भुवया पडलेली

बाई, मी लिहिते. वय ६८, नाव वाचलंत ना, त्यावरूनच कळलं असेल.

दोन वर्षांपूर्वी मी गेले ती फक्त कपाळासाठी. माझ्या आठ्या उभ्या नव्हत्या, आडव्या होत्या, पाटी पुसायची राहिल्यासारख्या. तिथे मला विचारलं, "कुठे हवंय?" मी म्हटलं, "सगळं कपाळ." संपलं. डोळे कसे आहेत, पापण्या कशा आहेत, कुणी विचारलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी कपाळ गुळगुळीत व्हायला लागलं. पाचव्या दिवशी मी आरशासमोरून हलत नव्हते. आठव्या दिवशी सकाळी वाटलं, कुणीतरी घट्ट टोपी भुवयांपर्यंत ओढून बसवलीय. भुवया खाली, पापण्यांची कातडी डोळ्यांवर. वाचायला बसले की एका हाताने पुस्तक आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पापणी धरायची. जिना उतरताना हरकत नव्हती, चढताना मात्र वरची पायरी दिसायला मान मागे टाकावी लागायची.

मग नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी जे सांगितलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर! माझ्या वरच्या पापण्यांची कातडी गेली कित्येक वर्षं सैल होऊन खाली लोंबत होती. डोळ्यांसमोरून ती बाजूला ठेवायला मी दिवसभर, माझ्याही नकळत, भुवया वर उचलून धरत होते. भुवया वर उचलणारा स्नायू एकच, कपाळातला. म्हणजे त्या आठ्या त्या स्नायूच्या कष्टाच्या होत्या. इंजेक्शनने हमालाला झोपवलं आणि डोक्यावरचं ओझं तसंच राहिलं.

पापणी उचलायचे थेंब असतात, ते देता का म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूत उतरून पापणीच पडली असेल तर त्या थेंबांनी मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर येते, तेही तात्पुरतं. भुवई पडली असेल तर थेंबांचा उपयोग नाही, औषध उतरेपर्यंत थांबायचं. मला दहा आठवडे लागले. विरघळवायचं औषध या इंजेक्शनला नाही.

तुमच्यासाठी आरशासमोरची एक गोष्ट, मला त्यांनीच करायला लावली होती. डोळे मिटा. कपाळ पूर्ण सैल सोडा, मिनिटभर. मग भुवया जिथे येऊन बसल्या असतील तिथेच बोटांनी अलगद दाबून धरा आणि डोळे उघडा. जे दिसेल ते तुमचं कपाळ झोपल्यानंतरचं जग. पापणीची कातडी बाहुलीकडे सरकलेली दिसली तर कपाळाला हात लावू देऊ नका.

डोळ्यांच्या दवाखान्यातून

वरचं सगळं बरोबर आहे. मी डॉक्टर नाही. नेत्रविभागात मदतनीस म्हणून आयुष्य काढलं, असे पेशंट खुर्चीत बसवलेत.

गंमत म्हणजे हे औषध आधी डोळ्यांचंच. तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटत राहण्याचा आजार यांसाठी अमेरिकेत १९८९ साली मंजूर झालं. कॅनडात व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांच्या आजारासाठी ते टोचत होत्या, तेव्हा पेशंटच्या भुवयांमधली आठीही जाते हे लक्षात आलं. त्यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून ते १९९२ साली छापलं. भुवयांमधल्या रेघांसाठी अमेरिकेची मंजुरी २००२ ची, आणि तेव्हा ती ६५ वर्षांपर्यंतच्या लोकांपुरती होती. औषधाच्या माहितीपत्रकातही ६५ च्या आतल्यांना गुण जास्त दिसला असं आहे. बाई, तुमच्या २७ वर्षांचं पहिलं उत्तर हे.

कारण सोपं आहे. औषध नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, स्नायू आकसत नाही, घडी पडत नाही. पंचेचाळिशीत रेघ ही बहुतेक नुसती घडी असते. सत्तरीत ती कापडावर कायमची उमटलेली असते, शिवाय उन्हाने कातडी पातळ आणि सैल झालेली. स्नायू झोपला तरी रेघ उथळ होईल, पुसली जाणार नाही. चेहरा सैल सोडल्यावर रेघ किती उरते ते आरशात बघा. जी उरते तिचं बोटॉक्सशी फारसं देणंघेणं नाही.

आता तुमची गोळी. ठोके अनियमित असताना ती दिलेली असते रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये म्हणून. "चार दिवस बंद करा, डाग पडणार नाही" असं कुणी म्हणालं तरी गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. सुई बारीक असते. फार तर काळं-निळं पडेल, दाबून धरायचं, बर्फ लावायचा, दोनेक आठवड्यांत जातं. पक्षाघात दोन आठवड्यांत जात नाही.

डोळे कोरडे आहेत म्हणालात. मग डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांना, कुणी "त्याही करून टाकू" म्हणालं तरी, नाही म्हणा. तिथला गोल स्नायू पापणी मिटवतो. तो ढिला पडला की डोळा पुरता मिटत नाही आणि कोरडेपणा वाढतो. वयाने खालची पापणी सैल झालेली असेल तर ती बाहेर उलटूही शकते. डॉक्टर खालची पापणी हलकेच ओढून सोडतात ते यासाठीच, ती चटकन डोळ्याला चिकटली पाहिजे.

स्पष्टवक्ता यांना: हो, विषच आहे. म्हणून तर मायस्थेनियासारखा नस-स्नायूंचा आजार असेल, गिळायला किंवा श्वासाला आधीच त्रास असेल, तर ते डॉक्टरांना सांगावंच लागतं. औषध टोचल्या जागेपासून लांब पसरू शकतं अशी ठळक ताकीद अमेरिकेत २००९ पासून माहितीपत्रकावर आहे. टोचल्यावर काही तासांत किंवा काही आठवड्यांनीही गिळताना अडकायला लागलं, आवाज बदलला, धाप लागली तर थेट तातडीचा विभाग, "बघू उद्या" नाही.

एक मात्र स्वतंत्र सांगते. भुवयांमध्ये फिलर भरू देऊ नका. बोटॉक्स आणि फिलर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक सर्रास गोंधळ करतात. बोटॉक्स स्नायू झोपवतं, फिलर खड्डा भरतं. भुवयांमधल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. फिलर त्यात शिरलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि ती बहुधा परत येत नाही. खोल रेघ बोटॉक्सने गेली नाही की पुढचा सल्ला हाच येतो, म्हणून आत्ताच लिहून ठेवतेय.

आईसाठी विचारतोय

मधेच घुसतो. आई ७९ वर्षांची, वरच्या ओठावर बारीक उभ्या रेघा, लिपस्टिक त्यात पसरते म्हणून वैतागते. तिथे देतात का? कवळी आहे.

डोळ्यांच्या दवाखान्यातून

देतात, अगदी थोडं. पण ओठ ढिला पडला की चूळ भरताना पाणी कडेने गळतं, काही अक्षरं नीट उमटत नाहीत. कवळी धरून ठेवायलाही ओठ-गाल मदत करतात. माझी आई असती तर मी लिपस्टिक बदलली असती.

गणिताच्या बाई

साडेतीन महिन्यांनी लिहितेय, वाट पाहायला लावली.

आरशासमोरचं ते आधी केलं. बोटं भुवयांवर ठेवून डोळे उघडले आणि दाराच्या चौकटीचा वरचा भाग गायब. चार आठ्यांचं उत्तर तिथेच मिळालं. माझ्याकडेही हमालच निघाला.

मग त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन. त्यांनी आधी नेत्रतज्ज्ञांकडे धाडलं, मला बरं वाटलं. पापण्यांच्या कातडीसाठी शस्त्रक्रिया करता येते, दिसण्यात खरोखर अडचण व्हायला लागली की विचार करू असं ठरलं. कपाळ जसंच्या तसं ठेवायचं. फक्त भुवयांमध्ये टोचलं. पाच जागी चार-चार, एकूण २० युनिट, असं माहितीपत्रकात आहे. मला त्यांनी त्याहून कमीने सुरुवात केली आणि दोन आठवड्यांनी बघायला बोलावलं. युनिट कंपनीगणिक वेगळे, एकीच्या २० ची दुसरीच्या २० शी तुलना होत नाही, हेही तेव्हाच कळलं. परिमाण न लिहिता नुसता आकडा सांगणाऱ्या मुलांचे मी गुण कापायचे, इथे तर परिमाणाचं नाव एकच आणि माप वेगळं! बाटलीवरचं नाव आणि मुदत मी वहीत उतरवून घेतली.

गोळी चालूच ठेवली, तिच्या डॉक्टरांना विचारून. डाव्या बाजूला चवलीएवढा निळा डाग पडला, अकराव्या दिवशी गेला. चार तास आडवी झाले नाही, तिथे चोळलं नाही. रेघा उथळ झाल्या. गेल्या नाहीत. डावी थोडी जास्त उरली, समांतर म्हणता येणार नाही आता. "रागावलात का" मात्र दोन महिने कुणी विचारलं नाही. एकदा जावयाने विचारलं, तेव्हा मी खरंच रागावले होते.

आता परिणाम उतरतोय, गेल्या आठवड्यापासून रेघ पुन्हा खोल वाटते. परत घ्यायचं की नाही ते ठरलेलं नाही. नातीचं नवं चित्र आलं, त्यात रेघा आहेतच. तिला विचारलं तर म्हणाली, त्याशिवाय आजी कशी ओळखू येणार.

भुवया पडलेली ताई, तुमच्या भुवया आता कशा आहेत?

भुवया पडलेली

जागेवर. आठ्याही जागेवर, आणि मी जिना मान सरळ ठेवून चढते. नाव बदलायला हवं, पण पासवर्ड विसरले की सगळं नव्याने करावं लागेल म्हणून हात लावत नाही.