मदत हवी आहे: मॅक नसताना फ्लटरचे ॲप आयफोनवर कसे तपासावे?

नमस्कार,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी मी फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींची ॲप बनवणारे साधन) एक लहानसे ॲप लिहिले आहे. पुस्तकांची सूची पाहणे, पुस्तकावरचा बारकोड कॅमेऱ्याने वाचून नोंद करणे आणि परतीची तारीख कळवणे, एवढेच त्याचे काम आहे. अँड्रॉइडवर ते व्यवस्थित चालते. आता आयफोन वापरणारे सभासदही ते मागू लागले आहेत आणि माझ्याजवळ केवळ विंडोजचा लॅपटॉप आहे.

फ्लटरचा कोड दोन्हीकडे एकच असला, तरी आयफोनसाठीचे बिल्ड, म्हणजे फोनवर चढवता येणारी ॲपची प्रत, तयार करण्यासाठी ॲपलचे एक्सकोड हे साधन लागते आणि ते मॅकच्या मॅकओएस या प्रणालीखेरीज कुठेही चालत नाही. विंडोजवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकात) मॅकओएस बसवण्याचा उपाय कृपया सुचवू नये. मॅकओएसचा परवाना ॲपलच्याच यंत्रांपुरता आहे आणि संस्थेच्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या ॲपसाठी मला तो मार्ग नको आहे.

स्वस्तातला जुना मॅक घेण्याचाही विचार केला. परंतु २०१७ची मॅकबुक एअर मॅकओएसच्या मॉन्टेरे या आवृत्तीच्या पुढे जात नाही, मॉन्टेरेवर एक्सकोड १४.२ नंतरची आवृत्ती बसत नाही, आणि ॲप स्टोअरने तर एप्रिल २०२५मध्येच किमान एक्सकोड १६ने केलेल्या बिल्डची अट घातली. त्यामुळे जाहिरातीत ‘उत्तम स्थितीत’ म्हणून दिसणारी बरीच यंत्रे या कामासाठी निरुपयोगी ठरतात.

राहिला क्लाउडचा मार्ग. गिटहब ॲक्शन्स किंवा कोडमॅजिक या इंटरनेटवरच्या सेवांकडे कोड पाठवला, की त्यांच्या मॅकवर बिल्ड होऊन मिळते, आणि साइनिंगसाठी (ॲपवर विकसकाची डिजिटल सही करण्यासाठी) लागणारी प्रमाणपत्राची विनंती विंडोजवर ओपनएसएसएल या साधनाने तयार करता येते. ॲपलची विकसकांसाठीची वार्षिक ९९ डॉलरची वर्गणीही कार्यकारिणीपुढे मांडता येईल, जरी गूगलचे विकसक नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरावे लागत असल्याने दरवर्षीच्या खर्चाचे कारण तिथे समजावून सांगावे लागेलच. म्हणजे बिल्ड हा माझ्या दृष्टीने सुटलेला प्रश्न आहे.

न सुटलेला प्रश्न चाचणीचा आहे. उदाहरणार्थ, कॅमेरा कशासाठी हवा याचा खुलासा इन्फो.प्लिस्ट या फाइलमध्ये नसेल, तर बिल्ड निर्विघ्नपणे पार पडते. पण सभासदाने बारकोड वाचायला घेतला, की ॲप त्या क्षणी बंद पडते. ही एक गोष्ट मला ठाऊक आहे म्हणून मी ती लिहून ठेवली. अशा ठाऊक नसलेल्या गोष्टींचे काय? भाड्याच्या दूरस्थ मॅकवर सिम्युलेटर (पडद्यावरचा आभासी आयफोन) मिळतो, मात्र सिम्युलेटरला कॅमेरा नसतो, आणि माझ्या हातातला उसना आयफोन त्या दूरच्या मॅकला केबलने जोडता येत नाही. मोफत ॲपल आयडीने सही करून चढवलेले ॲप सात दिवसांत बंद होते. माझ्यापुरत्या तपासणीला ते चालेल, सभासदांना देण्यासाठी नाही.

तेव्हा ज्यांनी मॅकशिवाय एखादे ॲप प्रत्यक्ष ॲप स्टोअरवर नेऊन पुढेही सांभाळले आहे, त्यांना विचारायचे आहे की प्रत्येक दुरुस्तीनंतर क्लाउडवर बिल्ड करून ॲपलच्या टेस्टफ्लाइट या चाचणीच्या ॲपमधून फोनवर घेणे आणि सेन्ट्री किंवा क्रॅशलिटिक्स या, ॲप का बंद पडले ते टिपणाऱ्या साधनांच्या नोंदी वाचून चूक शोधणे, हा क्रम व्यवहारात निभावतो का? विशेषतः ॲप सुरू होतानाच, म्हणजे अशी साधने जागी होण्यापूर्वी, ते बंद पडले, तर विंडोजवरून आयफोनचा लॉग (फोनमधल्या घडामोडींची आपोआप होणारी नोंद) आपण कशाने वाचता?

हे जमण्यासारखे नसेल, तर २०२०चा एम१ चिपचा मॅक मिनी वापरलेला घेण्याची माझी तयारी आहे. बाजारात मुख्यतः ८ जीबी मेमरीचे मिळतात. एक्सकोड, सिम्युलेटर आणि फ्लटर एकत्र चालवताना तेवढी मेमरी पुरते, की १६ जीबीचा मिळेपर्यंत थांबावे, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.