नेपाळच्या डोंगरवाटा: भाची निघाली आहे, तुमचे अनुभव सांगा

सदाफुली
दिवाळीची साफसफाई काढली आहे. काल माळ्यावरून उबदार कपड्यांची पेटी उतरवली. ह्यांचं निळं जॅकेट उन्हात टाकायचं म्हणून खिसे उलटे केले, तर आतून लसणाची एक पाकळी पडली. वाळून कागदासारखी हलकी झालेली. मी तिथेच शिडीवर बसले.

२०१८ची दिवाळी आटोपून आम्ही दोघं अन्नपूर्णा बेस कॅम्पला निघालो होतो. ह्यांचं चालणं पहिल्यापासून झपझप, नागपुरात अंबाझरीला रोज सकाळी फेऱ्या, त्यामुळे आपल्याला काही होत नाही अशी खात्री. दोभानला मुक्काम झाला, ती जागा २६०० मीटरवर. दुसऱ्या दिवशी देउरालीला थांबायचं ठरलं होतं. पण देउराली दुपारीच आलं आणि ह्यांनी पुढे जायचा हट्ट धरला. आमचा गाईड दाइ (तिकडे दादाला दाइ म्हणतात) दोनदा म्हणाला, "सर, बिस्तारै," म्हणजे सावकाश. ऐकलं नाही. संध्याकाळी माछापुच्छ्रे बेस कॅम्पला पोचलो, ३७०० मीटर. एका दिवसात अकराशे मीटर वर.

रात्रभर डोकं दुखणं आणि उलट्या. पहाटे हे बाहेर आले तर अंगणातल्या फरशीवर सरळ चालता येईना, डावीकडे झोक जाऊन भिंतीला हात लावला. दाइने ते पाहिलं मात्र, माझ्याशी चर्चासुद्धा केली नाही. यांची सॅक स्वतःच्या गळ्यात अडकवली, यांचा दंड धरला आणि खाली निघाला. समोर माछापुच्छ्रेच्या शेंड्यावर ऊन आलं होतं, अन्नपूर्णा बेस कॅम्प दोन तासांवर राहिला होता. लॉजवाल्या दिदीने निघताना चार लसूणपाकळ्या यांच्या खिशात कोंबल्या, वाटेत चघळा म्हणून. दोभानला परत आलो तोवर दुपारी यांनी स्वतःहून दालभात मागितला.

त्यातलीच ही एक पाकळी. भाची पुढच्या महिन्यात त्याच वाटेने मैत्रिणींबरोबर चालली आहे. तिला माझं एकटीचं सांगून होणार नाही. जे गेलेत त्यांनी लिहा, घाई असेल तर दोन ओळी लिहा.

स्टेथोस्कोप
ताई, झोक जात होता हे वाचून अंगावर काटा आला. मेंदूला सूज यायला लागल्याची ती खूण असते. तुमच्या दाइने जे केलं तेच औषध, खाली आणणं.
भाचीला सांगा: ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच मुक्काम. दिवसा वर चढून रात्री खाली झोपायला आलं तर उत्तमच. डोकं दुखत असताना पुढचा चढ चढायचा नाही. शंका आली तर एका रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला लावा. जमत नसेल तर रात्र असली तरी खाली. बसल्या जागी धाप लागत असेल, कोरडा खोकला थांबत नसेल तर तेही तितकंच गंभीर, ते फुप्फुसाचं असतं.
ओपीडी सुरू झाली, बाकीचं रात्री लिहिते.

पचमढीवाला
ताई, पोरीले म्हणा आतापासून पायऱ्या चढ. आपलं नागपूर तीनशे मीटरवर, सगळं सपाट. इथं दहा किलोमीटर चाललं म्हणजे तिथं चालता येते असं नाही. मी पून हिलच्या वाटेवरच्या उल्लेरीच्या पायऱ्या चढलो, तीन हजाराच्या वर आहेत, दगडी, एकसारख्या नाही. चढताना मले चौरागडची आठवण येत होती. लहानपणी बाबांसंग महादेवाले गेलो, बाबांच्या खांद्यावर त्रिशूळ अन् माह्या हातात पाण्याची कॅन. तेच चढणं कामी आलं. पण उतरताना गुडघे बोलले. उतरायची तयारी कोणी करत नाही, ती करा.

रामटेकची मैना
@पचमढीवाला भाऊ अगदी बरोबर. मी गडमंदिराच्या पायऱ्या पाठीवर सहा किलोची सॅक घेऊन चढायचे, महिनाभर. लोक विचारायचे, नवस आहे का म्हणून. शेवटी एका आजींनी मला प्रसादाचा नारळ दिला.

पचमढीवाला
@रामटेकची मैना मग नवस पावला न ताई. पून हिलवरून धौलागिरी दिसला असंल.

रामटेकची मैना
दिसला! आठ हजार एकशे सदुसष्ट मीटर आणि आधी फक्त त्याचा शेंडा गुलाबी झाला, बाकी सगळा काळा. पहाटे चारला उठून गेलो होतो. बोटं इतकी गारठली की फोनचं बटन दाबता येईना. हातमोजे दोन जोड घ्या.

लाल डबा
कागदपत्रांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. व्हिसा लागत नाही, पण विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत. आधारवर सोडत नाहीत. आमच्या ग्रुपमधल्या एकाला दिल्लीला काउंटरवरून परत पाठवलं, तो रडवेला झाला होता. त्याची बायको पुढे आणि तो मागे. शेवटी ती पण परतली.
दुसरं, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. बस चुकते यात.

इतवारी एक्सप्रेस
आम्ही रेल्वेने गेलो. राप्तीसागर नागपूरवरून थेट गोरखपूरला जाते, तिथून बसने सोनौली, सीमा पायी ओलांडली, पलीकडून पोखऱ्याची बस. वेळ लागतो पण खर्च निम्म्यावर. डब्यात एक केरळचं कुटुंब होतं, त्यांनी केळ्याचे वेफर्स दिले, आम्ही संत्रा बर्फी. अजून दिवाळीला मेसेज येतो त्यांचा.
पैशांचं: आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, भाव ठरलेला आहे. शंभराच्या नोटा जास्त न्या.

धंतोलीकर काका
नोटांवरून आठवलं. ८ नोव्हेंबर २०१६ला मी आणि सौ. पोखऱ्यात तलावाकाठी जेवत होतो. मुलाचा फोन आला, बाबा, पाचशे-हजारच्या नोटा बंद. खिशात सगळ्या पाचशेच्याच. दुसऱ्या दिवशी पोखऱ्यात कोणी हात लावेना. हॉटेलवाल्याने आमचं तीन दिवसांचं बिल उधार ठेवलं, वर वाटखर्चाला दोन हजार नेपाळी दिले. ना ओळख ना पाळख. नागपूरला आल्यावर महिन्याने एका ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर पैसे पाठवले तेव्हा मन शांत झालं. ट्रेकचा अनुभव नाही हा, पण सांगावंसं वाटलं.

सदाफुली
काका, हाच तर अनुभव. लिहीत राहा.

बुलबुल
मी मोबाईलवरून टाईप करतेय, कुकर लावलाय. थोडक्यात: एव्हरेस्टच्या वाटेला लागायला लुक्लाचं विमान-तिकीट काढलं तर परतीला दोन दिवस हाताशी ठेवा. धावपट्टी ५२७ मीटरची, ढग आले की विमान नाही. गर्दीच्या दिवसांत बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापवरून सुटतात, म्हणजे मध्यरात्री गाडीने निघा. आम्ही परतताना दीड दिवस लुक्लात अडकलो. सामानाची मर्यादा साधारण १५ किलो. शिट्टी झाली, येते.

मनांगचा मुक्काम
मी खूप वर्षांनी हे लिहितोय. ऑक्टोबर २०१४. अन्नपूर्णा सर्किट, आम्ही चौघं. मनांगला पोचलो तेव्हा घरी फोन केला, आई म्हणाली, टीव्हीवर सारखं हुदहुद चालू आहे, विशाखापट्टणमला वादळ धडकलं. मी म्हटलं, आई, विशाखापट्टणम कुठे, मी कुठे. तेच वादळ दोन दिवसांनी आमच्या डोक्यावर बर्फ होऊन पडलं.
१३ तारखेला आमच्या गाईडने आकाश पाहिलं आणि हलायचं नाही म्हणाला. आम्ही भांडलो. सुट्टी संपत होती. त्याने आवाज चढवला नाही, नुसता दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिला, बुटाच्या नाड्या सोडून. रात्री पत्र्यावर बर्फाचा आवाज सुरू झाला, थांबेचना. सकाळी दार बाहेर ढकलता येईना. लॉजवाल्याने स्वयंपाकघरातल्या खिडकीतून फावडं बाहेर काढलं.
आमच्या वाटेवरचा पुढचा घाट, थोरोंग ला, ५४१६ मीटरवर आहे. आमच्या आधी वर गेलेले लोक त्या घाटात सापडले. चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यात आमच्यासारखे पाहुणे होते, गाईड होते, भारवाहक होते, याकवाले होते. आदल्या संध्याकाळी आमच्याबरोबर पत्ते खेळलेली दोघं वर गेली होती. ती सुखरूप उतरली हे आम्हाला तीन दिवसांनी कळलं, तोवर जेवण उतरलं नाही.
भाचीला एवढंच सांगा, ताई, की सुट्टी दोन दिवस जास्त टाक. दोन दिवस हातात नसले की माणूस गाईडशी भांडतो.

सदाफुली
वाचून गप्प झाले. यांनाही वाचून दाखवलं.

बुलबुल
दादा, नमस्कार तुमच्या त्या गाईडला.

निळी छत्री
गाईडचा विषय निघाला म्हणून. १ एप्रिल २०२३पासून परदेशी ट्रेकरना गाईड घेण्याचा नियम आहे, आपणही त्यात आलो. नियम नसता तरी घ्या. आणि भारवाहक घेणार असाल तर त्याच्या पायात काय आहे ते निघण्याआधी पाहा. आमच्याबरोबर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता, कापडी बूट, बर्फात भिजलेले. माझ्या भावाने स्वतःचे जादा लोकरी मोजे आणि वर प्लास्टिकच्या पिशव्या त्याला घालायला दिल्या. ज्या एजन्सीला आम्ही पैसे मोजले, तिने त्याचा विमा काढला आहे का, हे आम्ही विचारलंच नव्हतं. ते आजही सलतं. आधी विचारा, लेखी घ्या.
अन्नपूर्णाचा परवाना मी काढला तेव्हा सार्क देशांना १००० नेपाळी होता, इतरांना ३०००. काउंटरवर भारतीय आहोत हे आधी सांगा.

संत्र्याची फोड
शाकाहारी माणसाचं काय? मी बाहेर कांदा-लसूण पण खात नाही.

रामटेकची मैना
दालभात आहे न. वाढून वाढून घालतात. टीशर्टवर पण लिहिलेलं असतं, दालभात पावर ट्वेंटी फोर आवर. सोबत गुंद्रुक देतात, आंबवून वाळवलेली पालेभाजी. फोडणीत लसूण नको हे आधी सांगून ठेव. वरच्या गावांत मांस टाळलेलंच बरं, खालून पाठीवर येतं, किती दिवसांचं असेल सांगता येत नाही.

पचमढीवाला
सातव्या दिवशी मले तर्री पोहे आठवले. घरून थोडा सावजी मसाला पुडीत नेला होता, दालीत टाकला. लॉजवाल्या दिदीनं चव घेतली अन् ठसका लागला तिले. मंग हसत हसत पुडी मागून घेतली.

संत्र्याची फोड
सावजी मसाला नेपाळात! भाऊ, दंडवत.

गोकुळपेठ
माझ्या सासूबाई यात्रा कंपनीबरोबर मुक्तिनाथला जाऊन आल्या, वय ६८. हा ट्रेक नाही पण उंची तीच. पोखरा साधारण आठशे मीटर, तिथून जीपने थेट मुक्तिनाथ, साडेतीन हजाराच्या वर. वर १०८ धारा, बर्फासारखं पाणी, आणि त्यांचा आग्रह की सगळ्यांखालून जायचं. दहाव्या धारेलाच ओठ निळे. बरोबरच्या नेपाळी मुलीने शाल टाकून ओढून आणलं. मध्ये जोमसोमला एक रात्र काढली असती तर बरं झालं असतं. ज्यांचे आईवडील जाणार असतील त्यांनी यात्रावाल्यांना हे विचाराच.

स्टेथोस्कोप
परत आले. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल तिघांनी व्यक्तिगत निरोप पाठवला म्हणून इथेच लिहिते. मनाने घेऊ नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला दाखवा. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, घाबरू नका. गोळी घेतली म्हणून भराभर चढायची मुभा मिळत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर नकोच.
लसणाच्या सुपावर पण विचारलंय. गरम असतं, पोटात पाणी जातं, जरूर प्या. पण डोकं दुखत असेल तर सूप पिऊन वर चढू नका, खाली या.
विमा काढाल तर किती मीटरपर्यंत लागू आहे आणि हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च धरलाय का, या दोन ओळी शोधून वाचा.

फुटाळ्याचा वारा
याक किंवा खेचरं समोरून आली तर डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या नाही. मला खेचराच्या पाठीवरच्या सिलेंडरचा धक्का बसला होता, नशीब मी आत होतो. मणी भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) आली की ती आपल्या उजव्या हाताला राहील असं चालायचं, देवळाला प्रदक्षिणा घालतो तसं.

नवी पाहुणी
मावशी, मीच ती भाची. दुपारपासून वाचतेय. मैत्रिणींच्या ग्रुपवर पण टाकलं. आम्ही आठ दिवसांचा बेत दहाचा केला आहे, देउरालीला मुक्काम पक्का. ऑफिसात उद्या विचारते. मतदार कार्ड आईकडे अमरावतीला आहे, ते मागवलं.
बूट मात्र अजून घेतले नाहीत. बर्डीवर मिळतील का चांगले?

रामटेकची मैना
बर्डीवर मिळतील, पण आजच घे. नवे बूट तिथे नेऊन पहिल्यांदा घालू नकोस, मला दोन्ही टाचांना फोड आले होते. अर्धा नंबर मोठे घे, उतरताना अंगठा पुढे आदळतो. संध्याकाळी दुकानात जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालूनच बघ.

सदाफुली
ह्यांचं निळं जॅकेट घेऊन जा. धुतलं नाहीये अजून, उन्हात आहे. खिसा तेवढा उलटा करू नकोस.

लाल डबा
कोणाकडे जादा वॉकिंग पोल आहेत का? माझ्या मेहुण्याला एकच मिळालाय.

फुटाळ्याचा वारा
माझ्याकडे जोडी आहे, एकाचं रबर गेलंय. घेऊन जा.

पचमढीवाला
@नवी पाहुणी रविवारी सकाळी साडेपाचला सेमिनरी हिल्सवर ये, आम्ही चारपाच जणं असतो. मैत्रिणींनाही आण. सॅकमधी पाण्याच्या चार बाटल्या भरून अन् नवे बूट घालूनच ये.