मामा म्हणतो, झाडपाल्याला नोबेल नसतं. खरंय का?

तुषार_कराडकर:
टीवायला बॉटनी घेतलंय. परवा वास्तुशांतीच्या पंगतीत मामाने विचारलं, "पुढे काय?" म्हटलं, एमएस्सी बॉटनी. तर म्हणाला, "फिजिक्सला नोबेल, केमिस्ट्रीला नोबेल. तुझ्या झाडपाल्याला काय, वृक्षारोपणाचा नारळ?" सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही. वनस्पतींवर काम करणाऱ्यांना खरंच मोठा पुरस्कार नसतो का? रविवारी मामा पुन्हा भेटणार आहे, त्याच्या आत सांगा.

भाताची_लोंबी:
तुषार, मामांचं अर्धं बरोबर आहे. नोबेलच्या विषयांत वनस्पतिशास्त्र नाही. पण झाडं मागच्या दाराने आत शिरलीच. १९१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल रिचर्ड विलस्टेटरला मिळालं ते हरितद्रव्यावरच्या कामासाठी. १९६१ चं मेल्विन कॅल्विनला. झाडं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर कशी बनवतात ते त्याने शोधलं. परीक्षेच्या आदल्या रात्री तू जे कॅल्विन चक्र घोकतोस, तेच ते.

आणि मक्याला मिळालं वैद्यकाचं! बार्बरा मॅक्लिंटॉकबाई मक्याची कणसं सोलून बसायच्या. एकाच दाण्यावर मध्येच जांभळे शिंतोडे कसे उडतात, याच्या मागे त्या वर्षानुवर्षं लागल्या आणि सापडलं ते असं की जीन गुणसूत्रावरची आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात. हे काम १९४० च्या दशकातलं. तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही. नोबेल आलं १९८३ मध्ये, कुणाबरोबर वाटून नव्हे, एकटीला, ८१ व्या वर्षी. घरी फोन नव्हता, बातमी रेडिओवर ऐकली.

गव्हाला तर शांततेचं मिळालं. भरघोस पिकणारे गव्हाचे वाण काढणारे नॉर्मन बोरलॉग, १९७०. पहाटे घरी फोन आला तेव्हा स्वारी मेक्सिकोतल्या शेतावर निघून गेलेली. शेवटी बायको सांगायला मागोमाग शेतावर गेली. आम्हा शेतावरच्या लोकांना हा किस्सा भारी आवडतो.

पुढे बोरलॉग यांनीच खटपट करून शेती आणि अन्नासाठी वेगळा 'वर्ल्ड फूड प्राइझ' उभा केला. १९८७ चा पहिलाच मानकरी आपले एम. एस. स्वामिनाथन. त्या पैशातून त्यांनी चेन्नईत आपली संशोधन संस्था उभी केली. १९९६ चा गुरदेव खुश आणि हेन्री बीचेल यांना, भाताच्या वाणांसाठी. मी भातवाला, त्यामुळे हा माझ्या घरचा पुरस्कार समज. २०१४ चा संजय राजाराम यांना, गव्हासाठी. मामांना एवढं पुरे.

रिकामी_कुंडी:
वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल राहिल्या की! केरळातल्या तेलिचेरीच्या. कोइमतूरला उसाच्या गुणसूत्रांवर काम केलं, नंतर इंग्लंडला गेल्या, १९७७ मध्ये पद्मश्री. वर्गीकरणातल्या, म्हणजे सजीवांच्या जाती ओळखून त्यांना नावं देण्याच्या, कामासाठी केंद्राच्या पर्यावरण खात्याने १९९९ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला, तो त्यांच्याच नावाने. आम्ही गवतं ओळखत डोंगर पालथे घालणारे लोक. आमच्यात हा मिळाला की पेढे वाटतात. बाहेर मात्र वर्गीकरण म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं.

धानपट्टा:
सगळे शास्त्रज्ञच मोजून राहिले तुम्ही. आमच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे कुठे गेले? (मराठवाड्यातलं नांदेड नाही, हे चंद्रपूर जिल्ह्यातलं. आणि आमच्याकडे भात म्हणजे शिजलेला, शेतात असते ते धान.) शेत दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, दरसाल निवड करत गेले. बारीक दाण्याचा एचएमटी तो हाच. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, त्यावरून नाव पडलं. १९९८ मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठाकडून (पीकेव्ही) पीकेव्ही-एचएमटी आला, त्या नावात दादाजी नाहीत. २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हातून पुरस्कार मिळाला. नंतरच्या एका वाणाचं नाव डीआरके. म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे! २०१८ मध्ये गेले.

भाताची_लोंबी:
धानपट्टा, चूक माझी. आधी त्यांचंच नाव घ्यायला हवं होतं. तीन लोंब्या ही सांगायला सोपी गोष्ट वाटते. पण भाताच्या खाचरात वेगळी लोंबी दिसणं आणि ती वेगळी आहे हे कळणं यात फरक आहे. मी ३१ वर्षं एका भात संशोधन केंद्रावर संकराचं काम केलं. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण पुढचं बोलायचंय.

भाताचं फूल तांदळाएवढं. दुपार कलली की लोंबीतल्या एकेका फुलाचा वरचा तिसरा हिस्सा कात्रीने छाटायचा. आत सहा पुंकेसर असतात, ते चिमट्याने काढायचे. पाच काढून एक राहिला तर फूल स्वतःच्याच परागाने भरतं, सगळं वाया. मग बटर पेपरची पिशवी घालून ठेवायची. दुसऱ्या दिवशी नऊ-दहाला नर वाणाची फुलं उमलली की पिशवीचं तोंड उघडून त्याची लोंबी आत झटकायची. दाणा भरतो तो टोकाला उघडा, कारण वरचं तूस आपणच छाटलेलं असतं. असे पन्नास दाणे मिळाले तर आम्ही खूश. तिथून वाण बाहेर पडायला दहा-बारा वर्षं लागतात.

आमच्याकडे हे सगळ्यांत सफाईने करायची ती रोजंदारीवरची एक मावशी. शाळा चौथीपर्यंत. तिच्या हातचा पुंकेसर राहिलेला मी पाहिला नाही. केंद्राच्या एका वाणाला पुरस्कार मिळाला, प्रशस्तिपत्रावर चार नावं आली. माझं चौथं. मावशी त्या दिवशी मंडपात चहा देत होती. मी तेव्हा काही बोललो नाही, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये.

रिकामी_कुंडी:
शेतकऱ्यांसाठी २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली 'प्लांट जीनोम सेव्हियर' पुरस्कार आहे. जुने वाण जपणाऱ्या गावसमूहाला १० लाख, एकट्या शेतकऱ्याला दीड लाख किंवा एक लाख. पण मजूर मावशी त्यातही बसत नाही.

तुषार_कराडकर:
रविवार झाला. बोरलॉग, मॅक्लिंटॉक सांगून झालं, मामा नुसता "असं का" म्हणाला. मग मामीला तांदळाचं पोतं दाखवायला लावलं. वर छापलेलं, 'एचएमटी कोलम'. मामाला इतकी वर्षं वाटत होतं, घड्याळवाल्या कंपनीने तांदळाचाही धंदा काढला असेल. दादाजींचं ऐकून त्याने दोनदा विचारलं, "तीनच लोंब्या?"

लोंबीकाका, ते कात्रीचं काम बघायला कधी यावं?

भाताची_लोंबी:
सप्टेंबरात. दुपारी तीनला पोहोच, मुक्कामाच्या तयारीने ये, कारण परागसिंचन दुसऱ्या सकाळी. चष्मा असेल तर विसरू नकोस. मावशीला निरोप देऊन ठेवतो, शिकवेल ती. माझा हात आता कापतो.