'क्वोच्या' या शब्दात घर का आहे?

रानवाटा: दोन वर्षं चिनी शिकतोय. व्याकरण सोपं आहे, क्रियापदाला ना काळ चिकटतो ना लिंग. रडवतात ते सूर: 'मा' एका सुरात आई, दुसऱ्यात घोडा. पण डोक्यात घोळत राहिला एकच शब्द. देशाला ते 'क्वोच्या' म्हणतात. 'क्वो' म्हणजे राज्य, 'च्या' म्हणजे घर (आपला षष्ठीचा 'च्या' नव्हे!). देशाला घर म्हटलं की राज्यकर्ता बाप होतो, आणि बापाची निवडणूक कोण घेतं? राजानं राजासारखं वागावं, बापानं बापासारखं, हे कन्फ्यूशियसनं एका दमात सांगितलंय. एकपक्षीय राजवट तिथे रुजली ती यामुळेच, असं माझं मत.

खडूस काकू: आणि 'मायबाप सरकार' कोण म्हणतं हो? तरी मायबापांना घरी बसवतोच की आपण. तैवानमध्येही 'क्वोच्या'च म्हणतात, वर जुन्या किचकट लिपीत लिहितात. तिथे १९९६ पासून राष्ट्राध्यक्ष थेट मतांनी निवडला जातो.

रानवाटा: त्याच तैवानात १९४९ ते १९८७ मार्शल लॉ होता, काकू. लोकशाही आली ती संस्कृतीला न जुमानता.

शाईचा डाग: संस्कृती म्हणजे एकटा कन्फ्यूशियस का? त्याच परंपरेतला मेन्सियस म्हणतो, प्रजा सर्वांत मोलाची, राजा सगळ्यांत हलका. क्रांतीला चिनी शब्द 'गमिंग', त्याचा जुना अर्थ स्वर्गानं राजाला दिलेला आदेश पालटणं. आणि गंमत बघा, 'मिनचू' म्हणजे आज लोकशाही, पण प्राचीन ग्रंथात तोच शब्द 'प्रजेचा धनी', म्हणजे राजा, या अर्थानं येतो! असे शब्द फोडून राजकारण काढायला बसलात तर हवं ते निघेल. दंडुक्याचं राज्य हवंच असेल तर हान फेई हा प्राचीन चिनी विचारवंत वाचा. त्याचा भरवसा बापाच्या मायेवर नाही, बक्षीस आणि शिक्षेवर.

सोलापूरकर: थोडं अवांतर. आमचे डॉ. कोटणीस १९३८ला चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथेच लग्न केलं, १९४२ला तिथेच वारले. मुलाचं नाव यिनहुआ. 'यिन' भारत, 'हुआ' चीन. फोडायचाच तर हा शब्द फोडा.

रानवाटा: 'मिनचू'चं पटलं. पण मेन्सियसनं जुलमी राजाविरुद्धचं बंड रास्त ठरवलं, मतपेटी नाही दिली. राजा चुकला तर त्याला गादीवरून उतरवायचं कसं? लढाईशिवाय वाट नाही. मला बोचतं ते हे.

खडूस काकू: मग हे आधी लिहायचं होतं. शब्दकोश कशाला उघडलात?