भर जत्रेत बॉयफ्रेंडला लाजवणं: कितपत चालतं?

परळचा_वात्रट:
माझा तो वसईचा, कुपारी कॅथलिक. रविवारची मिस्सा चुकवत नाही आणि उपवासकाळात मटण बंद म्हणजे बंद. देवाशी माझं फारसं जाणं-येणं नाही. त्याला लाजवणं हा मात्र माझा आवडता उद्योग. कानाच्या पाळ्या अशा काही लाल होतात की बस!

सप्टेंबरात बांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) जत्रेला गेलो. तिथे मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मिळतात. जे मागायचं ते माउलीला वाहायचं. स्टॉलवरच्या मावशीला मी विचारलं, "लग्नासाठी काय आहे?" तिने एक बाई, एक पुरुष पुढे केला. मी मुद्दाम मोठ्याने, "दोन नवरे नाहीत का?" मावशी ढिम्म. म्हणाली, "दोन पुरुष सुटे घे, दोरा मी बांधून देते." तोवर आमचा गडी कडियो-बोडियोच्या (जत्रेतल्या गोड खाऊच्या) गाडीमागे गायब! मी घासाघीस करून जोडी घेतली. रांगेत ती त्यानेच धरली, रुमालाखाली झाकून. पण नंतर स्टेशनापर्यंत अवाक्षर नाही. घरी असली मस्करी केली तर हाच हसत उशी फेकून मारतो. मग इथे काय बिनसलं?

उमेळ्याचा_पोर:
अरे बाबा, त्या जत्रेला वसईहून माणसं बस करून येतात. रांगेत मागे कोण उभं आहे ते तुला माहीत नसतं, त्याला माहीत असतं. माउलीला तो घाबरत नाही, क्वायरमधल्या मावशीला घाबरतो. कलम ३७७ चा निकाल, समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणणारा, ६ सप्टेंबर २०१८ ला आला, सणाच्या दोनच दिवस आधी. त्या वर्षी मीही जत्रेत छाती काढून फिरलो. पण मिस्सेत वाचन कोणाला द्यायचं, हे काही सुप्रीम कोर्ट ठरवत नाही.

जपमाळ:
चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २३५८ म्हणतो, समलिंगी माणसांना आदराने, करुणेने वागवा. पुढचाच २३५९ म्हणतो, ब्रह्मचर्य पाळा. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने समलिंगी जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मुभा दिली, पण लग्नासारखा थाट नको ही अट घालून. सश्रद्ध माणूस रोज या सगळ्याच्या मधोमध उभा असतो. वात्रटपणा कर, पण आवाज त्याच्या कानापुरता ठेव. (तरी जोडी त्याने स्वतः वाहिली, हे तू एका वाक्यात उरकलंस! मला तर तेच मोठं वाटलं.)

चकली:
बाकी राहू दे, त्या मावशीचा स्टॉल नेमका कुठे?

परळचा_वात्रट:
@चकली, चढावाला डाव्या हाताला.
बाकीच्यांना: शेवटी त्यालाच विचारलं. म्हणाला, "दोन नवरे मागितलेस तेव्हा आजूबाजूला आमच्या गावचं कोणी नाही ना, एवढं बघितलं. नव्हतं. पण नवसाच्या वस्तूचा भाव करतात का रे, निर्लज्जा?"