मदत हवी आहे: लो केलेल्या पोलोचं मागचं टायर मडगार्डला घासतंय. कड दुमडू की पत्रा ओढू?

भांडुपचा_पोलोवाला:
नमस्कार मंडळी. "कशाला केली लो, आता भोग" हे घरी ऐकून झालंय, त्यामुळे ते सोडून बोला. वडिलांनी तर पहिल्या दिवशी गाडी बघून "चारही पंक्चर आहेत का रे?" असं विचारलं होतं.

गाडी २०१६ ची पोलो, डिझेल. स्प्रिंग बदलून साधारण ३५ मिमी खाली आणली (म्हणजेच लो केली). आधीची चाकं १५ इंची, ६ जे (रिमची रुंदी इंचांत), ईटी ४० (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर, मिमीत), टायर १८५/६० (रुंदी मिमीत / बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत). आता १६ इंची, ७ जे, ईटी ३५, टायर २०५/४५. एकटा असलो की काही त्रास नाही. मागे दोघं बसले की जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पुलाच्या प्रत्येक सांध्याला खर्रर्र. डाव्या मागच्या टायरच्या खांद्यावर गोल फिरलेली बारीक चीरही दिसतेय. गणपतीला पाच जण आणि डिकीभर सामान घेऊन चिपळूणला जायचंय, म्हणून घाई.

कुर्ल्याचा एक डेंटर म्हणतो, हातोडीने अर्ध्या तासात कड वर मारून देतो. अंधेरीत एकाकडे कड दाबून दुमडायचा रोलर आहे, पण तो म्हणतो नुसती कड दुमडून भागणार नाही, पत्रा ८-१० मिमी बाहेर ओढावा लागेल आणि मग क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकाभोवतीचा बॉडीचा पत्रा) पेंट. कोणाचं ऐकू? आणि आपल्या पावसात तिथे गंज धरेल का?

पत्र्यातला_जुना_माणूस:
दोघांचंही लगेच ऐकू नका. दोघांपैकी एकाने तरी टायर नक्की कुठे लागतंय ते बघितलं का? आर्चच्या (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीच्या) आतल्या कडेला खडू फासा, मागे तीन दणकट मित्र बसवा, सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून दोन-तीनदा जा आणि खडू कुठे पुसला ते बघा. पक्की तपासणी हवी असेल तर पोलोत मागची स्प्रिंग शॉकपासून वेगळी असते, ती काढून घ्या. शॉक आणि बंप स्टॉप (चाकाला शेवटी अडवणारा रबरी ठोकळा) जागेवर ठेवून जॅकने चाक शेवटपर्यंत वर चढवा. चाक त्याहून वर जात नाही. तिथे मोकळं फिरलं तर चिपळूणच काय, गोव्यालाही जा.

आणि ती चीर. अशी रेघेसारखी चीर बहुतेकदा कडेची नसते, लायनरच्या (आर्चच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराच्या) स्क्रूची असते. कडेला घासलं तर पट्टा घासतो, स्क्रू मात्र रबर कापतो. आधी तो बघा.

गणिती_गॅरेज:
आकडे मांडतो. जुन्या रिमची बाहेरची कड हबच्या (चाक बोल्ट होतं त्या भागाच्या) पृष्ठभागापासून ३६ मिमी बाहेर होती, नव्याची ५४. म्हणजे रिम १८ मिमी बाहेर आलं आणि आत फक्त ८ मिमी गेलं. सगळा जाच बाहेरच्या बाजूलाच. टायर १९५/५० घेतलं तर प्रत्येक बाजूला ५ मिमी सुटतील.

पत्र्यातला_जुना_माणूस:
सुटतील, पण त्याच टायरचा व्यास १० मिमीने जास्त. बाजूला ५ मिळवले आणि उंचीत ५ घालवले, हाती काय आलं? १९५/४५ घेतलं तर व्यास ५८२ वर येतो. मूळ ६०३, म्हणजे स्पीडोमीटर साडेतीन टक्के पुढे धावणार. शिवाय पाच माणसं आणि सामान म्हणताय, तर लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतं त्याचा आकडा) बघितल्याशिवाय टायरला हात लावू नका.

भांडुपचा_पोलोवाला:
बापरे, बरोबर निघालं. लायनरचा स्क्रू कडेतून खाली डोकावत होता, त्याचं डोकं घासून चकचकीत झालंय. तो काढला. पण खडू कडेवरही पुसला गेलाय, आर्चच्या माथ्यापासून मागे साधारण वीतभर. बाहेरच्या पत्र्याला कुठेही डाग नाही.

पत्र्यातला_जुना_माणूस:
मग पत्रा ओढायचा प्रश्नच नाही. घासतेय ती आत वळलेली कड, ती वर दुमडली की तेवढी जागा मोकळी. ओढणं म्हणजे बाहेरचा पत्राच फुगवणं. त्यात मागचं दार आणि आर्च यांच्यातली रेघ बिघडते, रंग जातो, आणि पुढेमागे गाडी विकायला काढली की घेणारा पहिला प्रश्न विचारतो, "इथे ठोकली होती का?"

एक लक्षात ठेवा. पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं, बिघडलं तर नवीन बसवता येतं. मागचं क्वार्टर पॅनेल बॉडीला वेल्ड असतं, तिथे चुकायला वाव नाही. ती कड एकेरीही नसते. बाहेरचा पत्रा आणि आतलं व्हीलहाउस (चाकावरचा आतला पत्रा) तिथे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात आणि मध्ये सीलर (पाणी अडवणारा लेप) भरलेला असतो. दुमडताना तो सीलर तडकतोच. तडकलेल्या जागी जूनचं पाणी आणि आपली खारी हवा शिरली की गंज आतून सुरू होतो आणि बाहेर रंगाला फोड येईपर्यंत कळतही नाही. म्हणून हातोडीवाल्याला लांबूनच नमस्कार. रंग उडतो, कड लाटांसारखी होते, आणि नंतर सीलर भरायचं नावही कोणी काढत नाही.

रोलरवाल्याकडे गेलात तर उभे राहून बघा. चाक काढून रोलर हबला बोल्ट करायचा. हीट गनने आधी रंग तापवायचा, हात टेकवला की लगेच काढावासा वाटेल इतपत, जवळपास ६० अंश. मग रोलर तिरका लावून हलक्या दाबाने पुढेमागे, प्रत्येक फेरीला थोडा कोन वाढवायचा. मध्ये पुन्हा तापवायचं. एका फेरीत कड सपाट करायला निघाला तर थांबवा. हबचं केंद्र आणि आर्चची गोलाई तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे दांड्याची लांबी जागोजागी बदलावी लागते. जो बदलत नाही तो शिकाऊ समजा.

त्याआधी फ्रिजचं मॅग्नेट फिरवून घ्या. सेकंडहँड गाडी असेल आणि आधी कोणी तिथे पुट्टी भरली असेल, तर मॅग्नेट धरणार नाही आणि रोल करताना पापुद्र्यासारखी पुट्टी गळून पडेल.

कायद्याचा_कीस:
रंगाचा बेरंग करतोय, माफ करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या दुरुस्तीतलं १८२ अ वाचून ठेवा. मान्यता नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीलाही बदल कळवलेले बरे, नाहीतर क्लेमच्या वेळी तोंड वासून बसाल.

भांडुपचा_पोलोवाला:
शनिवारी काम केलं. मॅग्नेट सगळीकडे धरलं, म्हणजे पुट्टी नाही. अंधेरीवाल्याला खडूचे फोटो दाखवले तेव्हा तो स्वतःच म्हणाला, ओढायची गरज नाही. (आधी का बघितलं नाही, हे विचारायचं जिभेवर आलं होतं. पण गाडी त्याच्या जॅकवर होती.) दोन्ही मागच्या बाजूंना मिळून अडीच तास गेले. नंतर दुमडलेली कड साफ करून प्राइमर, सीलर आणि वरून वॅक्स, हे मी समोर उभं राहून करून घेतलं. डावीकडे रंगाला केसाएवढी चीर गेली, तिथे टचअप मारला. संध्याकाळी चौघांना घेऊन जेव्हीएलआरला गेलो, आवाज बंद.

एकच राहिलंय. रोलर बंपरच्या सांध्यापाशी थांबला. तिथे बंपरचा प्लास्टिकचा कान आणि त्याचा स्क्रू आहे. आत्ता टायर आणि त्याच्यात करंगळीसुद्धा जात नाही. कटर मारू का?

पत्र्यातला_जुना_माणूस:
कान कापू नका, बंपर त्याच्यावरच धरलाय, पुढच्या दणक्याला लोंबकळेल. स्क्रू काढून चपट्या डोक्याचा लावा आणि प्लास्टिकची फक्त खालची धार पॉलिश पेपरने गोल करा. मग पाच जण बसवून पुन्हा खडू. चिपळूणला निघायच्या आधी, कशेडी घाट उतरताना नाही.